फोटोग्राफी शिकताना: आधी उजेड, मग कॅमेरा

नवा कॅमेरा हातात आला की दुसऱ्याच आठवड्यात ‘पुढची लेन्स कुठली घेऊ?’ हा प्रश्न सुरू होतो. जरा थांबा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स पहिलं वर्षभर सहज पुरते. नवशिक्यांचे फोटो फसतात ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. उजेड चुकीच्या बाजूने आलेला असतो, शटरचा वेग (उजेड आत येण्याचा वेळ किती छोटा आहे तो) कमी पडलेला असतो किंवा माणसाच्या मागे काय आहे हे बघितलेलंच नसतं. यातलं काहीही पैसे टाकून सुधारत नाही. म्हणून आधी हे तिन्ही धडे घेऊ आणि मग फोटोग्राफीच्या एकेका प्रकाराकडे वळू. मोबाइलवर शिकणाऱ्यांनाही उजेड आणि चौकटीबद्दलचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी कॅमेरा असा लावून घ्या

१. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. कॅमेरा स्वतःला हवी तशी फोल्डरची मांडणी करून घेतो आणि पुढे ‘कार्ड एरर’ येण्याची शक्यता कमी होते.

२. क्वालिटी ‘रॉ + जेपेग’वर ठेवा. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेला चेहरा रॉमधून उजळता येतो. जेपेगमध्ये तेच करायला गेलात की चट्टे दिसायला लागतात.

३. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटं चाक असतं. ते फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतील असं करा. चष्मा लावून फोटो काढणार असाल तर हे चष्मा लावूनच करा.

४. वरची डायल ‘ए’वर ठेवा (कॅननवर ‘एव्ही’). यात अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा ठरवतो.

५. ऑटो आयएसओ चालू करा (आयएसओ म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता). कमाल मर्यादा ३२००, नव्या कॅमेऱ्यावर ६४००. किमान शटर १/१२५ सेकंद.

६. फोकससाठी एकच बिंदू निवडा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा बऱ्याचदा सर्वांत जवळच्या वस्तूवर फोकस करतो, मग ते नाक असो की पुढे आलेली फांदी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर माणसांसाठी तो खुशाल वापरा.

७. हायलाइट वॉर्निंग चालू करा. फोटोतला जो भाग जळून पूर्ण पांढरा झाला तो स्क्रीनवर लुकलुकतो.

मॅन्युअल मोडवर (सगळे आकडे स्वतः लावून) काढला तरच खरा फोटो, हा समज सोडून द्या. मॅन्युअल लागतो तो रात्री, फ्लॅश वापरताना किंवा उजेड अजिबात बदलत नसताना. सावली-उन्हात फिरताना मॅन्युअल धरून बसलात तर आकडे लावेपर्यंत समोरचा क्षण निघून जातो.

तीन आकडे

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र. त्याची शिडी अशी: एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढतो तसं छिद्र लहान होतं आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. शटरची शिडी १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० अशी चढते, तिथेही दर पायरीला उजेड निम्मा. आयएसओ १००, २००, ४००, ८०० असं वाढवलं की फोटो दर पायरीला दुप्पट उजळ होतो, पण त्याबरोबर दाणेही (फोटोतले रवाळ ठिपके) वाढतात.

म्हणजे एफ/८, १/१२५, आयएसओ ४०० हा फोटो जितका उजळ येईल, तितकाच एफ/५.६, १/२५०, आयएसओ ४०० हाही येईल आणि एफ/५.६, १/५००, आयएसओ ८०० हाही. उजळपणा तोच, चित्र मात्र वेगळं. पहिल्यात मागचं बरंच स्पष्ट दिसेल, तिसऱ्यात पळणारं मूल गोठलेलं दिसेल. तुम्हाला काय हवंय यावर आकडा ठरतो.

हाताचं गणित करायचं असेल तर भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एफ/१६, आयएसओ १००, शटर १/१२५ लावा. मीटर (कॅमेऱ्यातला उजेडमापक) न बघताही फोटो ठीक येतो. तिथून एकेक पायरी चढत-उतरत सराव करा. दोन दुपारी हे केलं की शिड्या पाठ होतात.

शटर किती ठेवायचं? हात हलू नये म्हणून किमान वेग लेन्सच्या लांबीवरून, म्हणजे तिच्यावरच्या मिमीच्या आकड्यावरून ठरतो. एपीएस-सी सेन्सरवर (सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असणारा लहान आकाराचा सेन्सर) लांबीला दीडने गुणा आणि एक भागिले तो आकडा, इतका वेग ठेवा. ५५ मिमीला साधारण १/१००, २०० मिमीला १/३२०. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. उभ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या पोरांना १/५०० आणि उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० लागतं.

फोटो स्पष्ट आला नाही तर ‘लेन्स खराब आहे’ म्हणण्याआधी तो शंभर टक्के मोठा करून बघा. सगळ्या फोटोत, अगदी दूरच्या खांबावरही, एकाच दिशेने ओढल्यासारख्या रेषा असतील तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि फक्त माणूस फराटलेला असेल तर शटर कमी पडलं. माणूस मऊ पण त्याच्या मागची कुंडी धारदार असेल तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि रोग न ओळखता शटर वाढवत बसलात तर नुसते दाणे वाढतील.

मीटर कुठे फसतो

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. वारीत पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्यांनी चौकट भरली की कॅमेरा त्यांना करडं करायला बघतो आणि सगळा फोटो मळकट येतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याचं) बटण दाबून +०.७ ते +१ करा. किल्ल्याच्या काळ्या बेसाल्टच्या कड्याचं उलटं होतं. कॅमेरा त्याला उजळवून फिका करतो, तिथे –०.७. काळ्याशार पाण्यावरच्या एकट्या पांढऱ्या बगळ्यालाही –०.७ किंवा –१ लागतं, कारण चौकटीत काळं जास्त आहे आणि ते उजळवण्याच्या नादात बगळा जळतो. एवढं एक बटण वापरायला शिकलात तरी निम्मे फोटो सुधारतील.

गणपतीच्या मांडवात किंवा हॉलमध्ये फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, लागोपाठच्या दोन फोटोंचा रंग वेगळा दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. एलईडीच्या मोठ्या स्क्रीनचं लुकलुकणं मात्र वेगळ्या वेगाचं असतं, ती मागे येणार नाही अशी जागा बघा.

उजेड ओळखायला शिका

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा मऊ पिवळा उजेड तासभर टिकतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते युरोपातल्यासारख्या उत्तरेकडच्या देशांचं गणित आहे. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश अक्षांशात येतो. इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, आणि क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला पंचवीस-तीस मिनिटंच लागतात. म्हणून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा, ट्रायपॉड लावून तयार राहा. सूर्य उगवल्यावर जागा शोधायला लागलात तर उजेड संपलेला असेल. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. त्यानंतर दहा ते वीस मिनिटांच्या दरम्यान आकाश गडद निळं होतं आणि दिव्यांचा उजेड त्याच्या तोलाचा असतो. देवळांची रोषणाई, घाट, शहराचे रस्ते यांचे चांगले फोटो तेवढ्याच वेळात निघतात.

दुपारी बारा ते तीन माणसांचे फोटो उघड्यावर काढू नका. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. त्याऐवजी माणसाला पडवीत, दरवाज्याच्या एक-दोन फूट आत, तोंड बाहेर करून उभं करा. बाहेरच्या अंगणावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ आणि सारखा पडतो. स्टुडिओतल्या सॉफ्टबॉक्ससारखंच काम हा दरवाजा फुकटात करतो.

चौकट

एक तृतीयांशाचा नियम सगळ्यांना माहीत असतो. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि मुख्य गोष्ट रेषा छेदतात तिथे ठेवा. सुरुवातीला पाळावा, पुढे मोडावा, त्याबद्दल फार वाद नको. त्याहून महत्त्वाची सवय वेगळी आहे. बटण दाबण्याआधी नजर एकदा चारही कोपऱ्यांतून फिरवा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कडेला अर्धा कापलेला हात, मागे वाळत घातलेला टॉवेल हे सगळं त्या एका सेकंदात दिसतं. एक पाऊल डावीकडे सरकलं की खांब डोक्यातून निघतो. क्षितिज सरळ ठेवा, समुद्राचा फोटो तिरका असेल तर पाणी सांडतंय असं वाटतं. मुलांचे फोटो गुडघ्यावर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा.

आता प्रकार

माणसांचे फोटो. किट लेन्स असेल तर ५५ मिमीवर, ५० मिमी एफ/१.८ असेल तर उत्तम (पहिली जास्तीची लेन्स घ्यायची तर हीच घ्या). माणसापासून दीड-दोन मीटर अंतर ठेवा. १८ मिमीवर जवळ जाऊन चेहरा काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हा जवळून काढल्याचा परिणाम आहे. म्हणून मोबाइलवरही माणसाचा फोटो दोनपटीच्या लेन्सने, थोडं मागे सरकून काढावा. फोकस जवळच्या डोळ्यावर. एफ/१.८ पूर्ण उघडं ठेवण्याचा मोह होतो, पण जवळून काढताना एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ येतो, म्हणून एफ/२.८ बरं. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा. भिंतीला टेकून उभ्या माणसामागची भिंत कुठल्याच लेन्सने धूसर होत नाही. दोघा-चौघांचा ग्रुप असेल तर एफ/५.६, आणि सगळ्यांना शक्यतो एका ओळीत उभं करा.

रस्ता, जत्रा, वारी. इथे फोकस जुळवायलाही वेळ नसतो. २४ मिमीला एफ/८ लावा, फोकस हाताने तीन मीटरवर ठेवा. एपीएस-सी सेन्सरवर पावणेदोन मीटरपासून दहा-बारा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, फक्त क्षण पकडायचा. (किट लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर तीन मीटरवरच्या कशावर तरी एकदा फोकस करून तो मॅन्युअल करा.) शटर १/२५०, आयएसओ ऑटो. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा वळणांवरून दिंड्यांची अखंड रांग दिसते, ती उंचावरून ७० ते २०० मिमीने छान येते. रिंगणात घोडा धावताना १/१००० हवं आणि जागा आधीच धरलेली हवी. आषाढात आभाळ बहुधा भरलेलं असतं, मऊ उजेड आयताच मिळतो. फक्त पांढरं आकाश चौकटीत कमीत कमी घ्या. जवळून चेहरा काढायचा असेल तर आधी ‘माउली, फोटो काढू का?’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. अंघोळ करणारी, झोपलेली, दमून पाय चेपत बसलेली माणसं न विचारता काढू नयेत, हे आमचं ठाम मत आहे.

निसर्गदृश्य. एफ/८ किंवा एफ/११, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६च्या पुढे जाऊ नका, छिद्र फार लहान झालं की उजेडाची किरणं पसरतात आणि सगळा फोटो मऊ होतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत सर्वांत उपयोगाची वस्तू म्हणजे पोलरायझर फिल्टर. ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि खरा हिरवा रंग वर येतो. फिल्टरची कडा फिरवत राहा, चकाकी गेलेली डोळ्यांना दिसते. त्यात दीड-दोन पायऱ्या उजेड जातो. धबधब्याच्या रेशमी धारा हव्या असतील तर शटर १/४ सेकंद ते १ सेकंद. दिवसा तेवढा कमी उजेड मिळत नाही, त्यासाठी एनडी ८ हा गडद काचेचा फिल्टर लावा, तो तीन पायऱ्या उजेड कापतो. पाच सेकंदांच्या पुढे गेलात तर धारांचा आकार जातो आणि नुसता पांढरा पडदा उरतो. दृश्यात पुढे काहीतरी घ्या, एखादा खडक, पायवाट, भाताचं खाचर. नाहीतर दूरचे डोंगर फोटोत बुटके दिसतात.

फुलं आणि कीटक. कासच्या पठारावर ऑगस्टअखेरपासून फुलं बहरतात. सीतेची आसवं, कवला, तेरडा ही फुलं नखाएवढी किंवा थोडी मोठी असतात. जवळून काढताना एफ/८ लावूनही काही मिलिमीटरच स्पष्ट येतात. म्हणून कॅमेऱ्याची मागची बाजू फुलाला समांतर ठेवा, जास्तीत जास्त भाग त्याच पातळीत येतो. पठारावर वारा असतोच. शटर १/२५० ठेवा, बर्स्टवर (बटण दाबून धरून लागोपाठ) सात-आठ फोटो काढा, वारा थांबतो त्या क्षणाचा एक हमखास स्पष्ट निघतो. आखलेली वाट सोडून आत जाऊ नका, आडवे पडू नका. एका फोटोसाठी चिरडलेली रोपं बी धरण्याआधीच संपतात.

पक्षी आणि प्राणी. किमान ३०० मिमी, सोयीची ४०० किंवा ६००. डायल ‘एस’वर (कॅननवर ‘टीव्ही’), म्हणजे शटर तुम्ही ठरवता, शटर १/२०००, फोकस सतत चालणारा, म्हणजे ‘एएफ-सी’ किंवा ‘एआय सर्व्हो’, आणि बर्स्ट. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित बघायला होडीतून जातात. हलत्या होडीत ट्रायपॉड उपयोगाचा नाही, कोपर अंगाशी घट्ट धरून हातानेच काढा. थवा उडवायला होडीवाल्याला सांगू नका. खाताना उठवलेल्या पक्ष्यांची ताकद वाया जाते. घरट्याचे फोटो नकोतच. ताडोबात कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. जिप्सीत लेन्स टेकवायला बीन बॅग न्या, रिकामी नेऊन तिथे तांदूळ भरले तरी चालतं. फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा, त्याचा हादरा ४०० मिमीला पुरेसा असतो. एप्रिल-मेच्या दुपारी शंभर मीटरवरचा वाघ कितीही काळजी घेतली तरी धूसर येतो, कारण तापलेली हवाच थरथरत असते. त्या वेळी फक्त बघावं, फोटो सकाळी काढावेत.

रात्र. ताऱ्यांसाठी ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद. ५०० ला लेन्सच्या दीडपट लांबीने भागा, उत्तराहून जास्त सेकंद ठेवलेत तर ताऱ्यांच्या रेषा होतात. १८ मिमीला ते १८ सेकंद येतं, १५ सुरक्षित. फोकस एका ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चित्र) मोठा करून हाताने जुळवा. लेन्सच्या अनंताच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आकाशगंगेचा मधला भाग आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आणि मेमध्ये मध्यरात्रीनंतर चांगला दिसतो, अमावस्येच्या आसपास जा. भंडारदरा, राजमाची भागात मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात. संधिप्रकाशातच झाडावर फोकस करून तो मॅन्युअल करा आणि एक फोटो त्याच उजेडात काढून ठेवा. अंधार पडल्यावर कॅमेरा तसूभरही न हलवता एफ/२.८, आयएसओ १६००, २० सेकंदांचे तीस-चाळीस फोटो काढा आणि ते घरी फोटो एडिटरच्या ‘लाइटन’ मोडमध्ये (प्रत्येक जागी जास्त उजळ तेवढंच ठेवणारा) एकमेकांवर चढवा. टॉर्च, फ्लॅश, मोबाइलचा स्क्रीन सगळं बंद. काजवे लुकलुकून जोडीदाराला बोलावत असतात, तुमच्या उजेडात त्यांची खूण हरवते.

वस्तू आणि खाद्यपदार्थ. घरगुती व्यवसायासाठी पापड, लोणचं, साड्या, दागिने यांचे फोटो हवे असतात. थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, वस्तू खिडकीच्या बाजूला ठेवा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करा, म्हणजे सावलीची बाजू उजळते. खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की रंग दुरुस्त होतच नाही. ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ १००, शटर १/८ आलं तरी हरकत नाही. पूर्ण थाळी बरोबर वरून काढा, मिसळ किंवा वडापाव ४५ अंशांतून. वाफ दिसायला हवी असेल तर मागे गडद कापड आणि उजेड मागच्या बाजूने.

अजिंठ्यासारख्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, कारण उजेडाने रंगांची हानी होते. तिथे भिंतीला किंवा रेलिंगला टेकून १/३०, उघडं अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ३२०० घ्या.

परत आल्यावर

कार्ड त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नका. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका, तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत मिळतं.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर लेन्सचा खरा शत्रू बुरशी. आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर ती धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० ते ५० दरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, स्वयंपाकाच्या भांड्यात नको. चामड्याच्या केसमध्ये लेन्स साठवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या, नाहीतर लगेच काचेवर दव धरतं. महिन्यातून एकदा लेन्स मागच्या बाजूने टॉर्चवर धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा आणि लगेच सर्व्हिस सेंटरला द्या. सुरुवातीची बुरशी साफ होते, पण तिने कोटिंग खाल्लं की काच बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.